साहेबांच्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?

आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना ठेकेदार किमान वेतनापेक्षा कमी पैसे देतो, हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली. तक्रार द्यायला एक सकाळ पुरली. जिल्ह्याच्या ठिकाणचं कामगार कार्यालय, लोखंडी कपाटांच्या रांगेमागे साहेबांचं टेबल. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, मावशींना बसायला सांगितलं, पगार बँकेत येतो की हातात, हजेरी कोण मांडतं, सगळं विचारलं. माणूस सज्जन होता. मी म्हटलं, "मग तपासणीला कधी याल?"

ते हसले. "ताई, माझ्याकडे तीन तालुके. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांची बदली झाली, त्यांचेही दोन माझ्याकडेच. गाडी ऑफिसला एक, ती वरच्या साहेबांना. मी माझ्या मोटरसायकलवर फिरतो आणि प्रवासभत्त्याचं बिल लावतो. मार्चमध्ये लावलेलं अजून निघालेलं नाही."

जिना उतरताना मावशींनी हळूच विचारलं, "मग त्यांच्या पेट्रोलचे पैसे आपण द्यायचे का?"

त्या लाच म्हणून विचारत नव्हत्या. रिक्षा केली तर रिक्षाचे पैसे द्यायचे, तसं त्यांना वाटलं. मी नाही म्हटलं. पण प्रश्न रास्त होता. आपण नाही तर कोण देतं? आणि जो कोणी देतो तो पुरेसे देतो का? कामगार कायद्यांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण ते राबवायला लागणाऱ्या पैशांवर जवळपास कोणीच बोलत नाही. ते थोडं उलगडून बघू.

आधी हा खर्च असतो कसला, ते पाहू. किमान वेतनाचा दर ठरवणं त्यातल्या त्यात स्वस्त काम. महाराष्ट्रात मूळ दर अधिसूचनेने ठरतो, परिमंडळानुसार वेगळा असतो, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. एक परिपत्रक निघालं की झालं. महाग पडतं ते त्या परिपत्रकातला आकडा मावशींच्या हातात पडतो की नाही हे बघणं. त्यासाठी माणूस लागतो, त्याचा पगार, त्याचा प्रवास, नोटिसा पाठवायचं टपाल, सुनावणी घेणारा वरचा अधिकारी, त्याचा लघुलेखक, आदेश निघाल्यावर वसुली करणारी यंत्रणा. यातली एक कडी निखळली तरी परिपत्रक कपाटातच राहतं.

हा पैसा येतो राज्याच्या तिजोरीतून. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. कायदे केंद्रही करतं आणि राज्यही, पण दुकानं, हॉटेलं, सोसायट्या, छोटे कारखाने अशा बहुतेक ठिकाणी राबवायचं काम राज्याच्या माणसांवर पडतं. महाराष्ट्रात कामगार आयुक्तांच्या हाताखाली अपर आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, मग सरकारी कामगार अधिकारी आणि निरीक्षक अशी उतरंड आहे. कारखान्यातल्या सुरक्षेचं खातं वेगळं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं. मुंबईत दुकाने निरीक्षक महापालिकेचे. म्हणजे कोणाकडे जायचं हे शोधण्यातच गरिबाचा एक खाडा जातो.

अर्थसंकल्पात कामगार खात्याचा खर्च मागणीच्या पुस्तकात छापलेला असतो, तोही नीट उद्दिष्टशीर्षांत फोडून. वेतन एका ओळीत, देशांतर्गत प्रवास खर्च दुसऱ्या, कार्यालयीन खर्च तिसऱ्या, पेट्रोल-तेल-वंगण चौथ्या. यातली वेतनाची ओळ सहसा सुरक्षित असते, कारण कर्मचाऱ्याचा पगार थांबवता येत नाही. पैशांची ओढाताण झाली की वित्त विभागाची कात्री चालते ती प्रवास, पेट्रोल, कार्यालयीन खर्च या ओळींवर. कुठल्याही खात्यात हे असंच. पण शिक्षकाचा प्रवासखर्च कापला तर वर्ग भरतोच. निरीक्षकाचा कापला तर तपासणीच होत नाही, कारण त्याचं काम टेबलावर नाही, दुसऱ्याच्या दारात आहे. पगार चालू आणि फिरणं बंद, म्हणजे सरकार त्याला पूर्ण पैसे देऊन अर्धं काम करू देतं. हा काटकसरीचा मला कळलेला सर्वात महाग प्रकार.

दुसरी गोष्ट रिक्त पदांची. पद मंजूर असतं, भरलेलं नसतं. कागदावर खात्याची ताकद तेवढीच दिसते. जागेवर एका माणसाकडे पाच तालुके येतात. एक हिशेब करून बघा. आकडे मी मानलेले आहेत, पण फार ताणलेले नाहीत. एका अधिकाऱ्याच्या हद्दीत ४,००० आस्थापना आहेत असं धरू. सुनावण्या, बैठका, माहिती अधिकाराची उत्तरं, विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची माहिती हे सगळं सांभाळून तो महिन्याला २० तपासण्या करतो. वर्षाच्या २४०. सगळ्या आस्थापनांचं दार एकदा वाजवायला त्याला सोळा वर्षांहून जास्त लागतील. तोवर निम्म्या बंद पडलेल्या असतील आणि साहेब निवृत्त झालेले असतील.

आता ठेकेदाराच्या बाजूने विचार करू. तो रोज प्रत्येक माणसामागे ८० रुपये कमी देतो. महिन्याचे २६ दिवस म्हणजे २,०८०. वेगवेगळ्या सोसायट्यांत मिळून त्याच्याकडे ४० माणसं, म्हणजे महिन्याला ८३,२०० आणि वर्षाला ९,९८,४००. जवळजवळ दहा लाख. समोर १९४८ च्या किमान वेतन कायद्यातली शिक्षा बघा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद कागदावरची. उरले पाचशे रुपये. तेही पकडला गेला तर, आणि पकडला जायची वेळ सोळा वर्षांत एकदा.

नवीन कायद्यात हे बदललं आहे. केंद्राने २९ जुने कायदे गुंडाळून चार कामगार संहिता केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला त्या लागू केल्या. वेतन संहितेत कमी पगार दिल्याचा दंड ५०,००० रुपयांपर्यंत गेला आहे. पाच वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामगाराला थकलेली रक्कम मागायला आता तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देता येते. हे सगळं चांगलंच आहे.

पण त्याच संहितेत निरीक्षकाचं नाव बदलून 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' झालं आहे. मालकाला सल्ला देणं हेही त्याचंच काम. पगार कमी दिल्याचा गुन्हा सोडला तर इतर चुकांसाठी, खटला भरायच्या आधी त्याने मालकाला लेखी कळवून चूक सुधारायची संधी द्यायची. मुदतीत सुधारली की खटला नाही. पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरली की प्रकरण मिटवायची सोयही आहे. कुठे तपासणीला जायचं हे संगणक सोडतीने ठरवणार, ही पद्धत केंद्राने ऑक्टोबर २०१४ मध्ये श्रम सुविधा पोर्टलपासून रुजवली होती. 'इन्स्पेक्टर राज'चा त्रास खोटा नव्हता. दिवाळीची पाकिटं गोळा करत फिरणारे निरीक्षक आमच्या गावानेही पाहिलेत. पण पाकीट घेणारा निरीक्षक नको म्हणून निरीक्षकच कमी करायचा, हा उपाय मला पटत नाही. दूधवाला पाणी घालतो म्हणून कोणी पोराचं दूध बंद करत नाही.

बरं, भारताने यात जगाला शब्दही दिलेला आहे. कामगार तपासणीबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार १९४७ चा. भारताने तो १९४९ मध्ये मान्य केला, व्यापारी आस्थापनांबद्दलचा भाग तेवढा बाजूला ठेवून. करारातली कलमं वाचताना गंमत वाटते. निरीक्षक पूर्वसूचना न देता, दिवसा-रात्री केव्हाही आत जाऊ शकला पाहिजे. तक्रार कोणी केली हे त्याने मालकाला कळू देता कामा नये. तपासणीला लागेल तेवढी माणसं असली पाहिजेत. त्याच्यावर टाकलेली इतर कामं मूळ कामाच्या आड येता कामा नयेत. आणि सरकारने त्याला कार्यालय, प्रवासाची सोय आणि प्रवासखर्चाची भरपाई दिली पाहिजे. जिनेव्हात बसलेल्या लोकांनी मोटरसायकलच्या पेट्रोलचासुद्धा विचार केला होता!

त्याच संघटनेने निरीक्षकांच्या संख्येचा एक ढोबळ मापदंडही सांगितला आहे. श्रीमंत औद्योगिक देशांत दर १०,००० कामगारांमागे एक, आणि सर्वात गरीब देशांत निदान ४०,००० मागे एक.

## ज्यांचा नळ वेगळा आहे

आतापर्यंत बोललो ते तिजोरीच्या नळाबद्दल. पण सगळे कामगार कायदे त्या नळावर नाहीत.

भविष्य निर्वाह निधीचंच घ्या. तुमच्या पगारातून आणि मालकाकडून पीएफ जातो, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मालक त्यावर आणखी एक छोटी रक्कम भरतो, प्रशासकीय शुल्क म्हणून. २०१८ पासून ते पगाराच्या अर्धा टक्का आहे. पीएफ कार्यालयाचा कारभार, थकबाकीची चौकशी करणाऱ्या प्रवर्तन अधिकाऱ्याचा पगार आणि प्रवाससुद्धा, त्यातून चालतो. म्हणजे कायदा मोडणाऱ्याच्या मागे जाणाऱ्या माणसाचा खर्च सगळे मालक मिळून अर्ध्या अर्ध्या टक्क्याने उचलतात. त्यात वित्त विभागाला कात्री चालवायला जागा कमी. पीएफ कार्यालयाबद्दल तक्रारी कमी नाहीत, पण ठेकेदाराला विचारा, कोणाची नोटीस आली की झोप उडते? किमान वेतनाची की पीएफची? थकलेल्या पीएफवर व्याज आणि वर नुकसानभरपाई लागते, आणि ते खातं ती वसूल करतं.

दुसरं उदाहरण अस्सल मराठी मातीतलं. मुंबईच्या बाजारात आणि गोदीबाहेर पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालांना मालकच नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पगाराचं पुस्तक नाही, रजा नाही, पाठ मोडली की संपलं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कायद्यातली युक्ती साधी, म्हणूनच भारी. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातात द्यायचीच नाही. ती माथाडी मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्हीही भरायची. मंडळ टोळीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पगार जमा करणार. लेव्हीतून भविष्य निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी, आणि मंडळाचा स्वतःचा खर्च. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये याच धर्तीवर कायदा झाला.

इथे निरीक्षकाने व्यापाऱ्याच्या दारात जाऊन "पगार दिलास का?" विचारायची गरजच कमी होते, कारण पैसा मंडळाच्या खिडकीतूनच जातो. कमी भरला तर तिथेच दिसतो. तपासणीचा खर्च मजुरीच्या व्यवहारातच शिवलेला आहे. माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी कारखानदारांकडून खंडणी उकळली जाते, हेही खरं आहे, आणि त्याने या कायद्याचं नाव खराब झालं. तरी लेव्हीची कल्पना मला आजही कामगार कायद्यातली सर्वात हुशार कल्पना वाटते.

मग असा नळ सगळीकडेच का जोडू नये? इथे बांधकामाची गोष्ट सांगायला हवी, कारण नुसता पैसा आला म्हणजे अंमलबजावणी आली असं होत नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. तुमच्या फ्लॅटच्या बांधकामावरही तो भरला गेला असणार. पैसा प्रचंड जमला. पण कायद्याने तो कल्याणासाठी राखला, आणि तो सांभाळणाऱ्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या कर्मचाऱ्यांवर व कारभारावर एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त घालायचा नाही अशी मर्यादा घातली. हेतू चांगला होता. सगळं ऑफिसच खाऊन टाकू नये म्हणून. झालं असं की तिजोरी भरलेली आणि मचाणावर चढलेल्या माणसाला पट्टा आहे का, हे बघणारं कोणी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात या निधीच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले; कुठे कुठे त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं सुनावणीत पुढे आलं होतं.

महाराष्ट्रात या मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी लागणाऱ्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. संच मिळाला तर कोणाला नको? पण नोंदणी, नूतनीकरण, ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यांची तपासणी हे ओझं वर्षानुवर्षं पडलं ते त्याच कामगार कार्यालयांवर, जिथे आमचे मोटरसायकलवाले साहेब बसतात. कल्याण आणि अंमलबजावणी ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा फोटो निघतो आणि दुसऱ्याचं शत्रुत्व येतं, त्यामुळे माणूस कुठे खर्ची पडतो ते वेगळं सांगायला नको. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाचंही तेच. टनामागे १० रुपये कारखान्याकडून आणि तेवढेच सरकारकडून, असा नळ तिथे जोडला गेला. पण कोयता चालवणारा माणूस नक्की कोणाचा नोकर, कारखान्याचा की मुकादमाचा, हा प्रश्न त्या पैशाने सुटत नाही.

## दंड जातो कुठे

आणखी एक गाठ. किमान वेतनाच्या खटल्यात दंड झाला तर तो सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्या कार्यालयाने धावपळ केली त्याला त्यातून काही मिळत नाही. मिळूही नये असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, नाहीतर महिनाअखेरीला वाहतूक पोलीस जसा कोपऱ्यात उभा राहतो तसं होईल. पण मग चांगलं काम केलेल्या कार्यालयाला पुढच्या वर्षी प्रवासखर्च थोडा जास्त मिळेल अशी दुसरी काही सोय तरी हवी. ती मला मागणीच्या पुस्तकात सापडली नाही.

आणि वसुली? समजा सगळं नीट झालं. तपासणी झाली, दावा दाखल झाला, कामगाराच्या बाजूने आदेश निघाला. मालक पैसे देत नाही. मग वसुली दाखला निघतो आणि तो जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. तिथून तहसीलदार, तिथून तलाठी. त्या तलाठ्याकडे पीकपाहणी आहे, अतिवृष्टीचे पंचनामे आहेत, निवडणुकीची कामं आहेत. एका झाडूवालीचे चाळीस हजार त्याच्या यादीत कितवे असतील? कामगार खात्याला उद्या दुप्पट पैसे दिले तरी ही शेवटची कडी दुसऱ्याच खात्याच्या हातात आहे.

ठेकेदार एका गोष्टीला मात्र घाबरतो, आणि तिला सरकारी पैसा जवळजवळ लागत नाही. त्याचं बिल अडणं. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालतं त्याने द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, फक्त कामगारांची संख्या कायद्यात ठरवलेल्या आकड्याइतकी तरी असावी लागते. अनेक महापालिकांच्या निविदांत अट असते की मागच्या महिन्याचं पीएफचं चलान आणि बँकेतून पगार दिल्याची यादी जोडल्याशिवाय पुढचं बिल निघणार नाही. अट खरोखर पाळली तर लेखा विभागातला एक कारकून टेबलावरून न उठता दहा निरीक्षकांचं काम करतो. न पाळली तर निविदेतली आणखी एक ओळ.

आणि वकिलाचे पैसे? विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे सगळ्या स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना, उत्पन्न किती का असेना, फुकट वकील मिळू शकतो. तो खर्च कामगार खात्याचा नाही, विधी सेवेचा. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं. मावशींना हे कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं माहीत.

तुमच्या तालुक्याचं चित्र बघायचं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. विचारायचं इतकंच: निरीक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत प्रवासखर्चाला अनुदान किती आलं आणि किती खर्च झालं, तपासण्या किती, दावे किती, आणि आदेश झालेल्यापैकी वसूल किती रुपये. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आवर्जून मागा.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. सोसायटीच्या खजिनदार काकांनी ठेकेदाराला फोन केला, "चलान आणि पगाराची यादी आणा, मग चेक." पहिला आठवडा तो चिडला, दुसऱ्या आठवड्यात कागद आले, आणि त्या महिन्यापासून मावशींच्या खात्यावर पूर्ण पैसे पडायला लागले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कामगार कार्यालयाचं पत्र आलं, सुनावणीची तारीख कळवणारं. मावशी ते घेऊन वर आल्या. "आता मिळतंय की बाई. जायचं का मग?"

मी म्हटलं, जाऊ या. मागच्या दोन वर्षांचे राहिलेत.